पडके घर आणि दारातली नाली

मे महिना सरत आला की नगरपालिकांमधून धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघू लागतात. मजकूर ठरलेला असतो: आपली इमारत मोडकळीस आली आहे, ती तात्काळ रिकामी करावी अथवा उतरवून घ्यावी, दुर्घटना घडल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील. ही नोटीस दिली की पालिकेचे कर्तव्य झाले, असे मानणारा एक मोठा वर्ग आहे. मालमत्ता खासगी, दुरुस्ती मालकाची, धोका राहणाऱ्याचा, पालिकेने सावध केले, आणखी काय करायचे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो वरवर पटतो, म्हणूनच तपासून पाहायला हवा. जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदन या नगरपरिषदांत, मंठा, बदनापूर, जाफराबाद, घनसावंगीच्या नगरपंचायतींत आणि खुद्द जालना शहराच्या जुन्या वस्तीत पडायला आलेल्या घराचा प्रश्न त्या घराच्या चार भिंतींत सुरू होत नाही. तो पुष्कळदा घरासमोरच्या रस्त्यावर, बुजलेल्या नालीत आणि शेजाऱ्याने गाडी चढवण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या उतारावर सुरू होतो. रस्ता पालिकेचा, नाली पालिकेची आणि उताराकडे डोळेझाकही पालिकेचीच. म्हणून या प्रकरणात पालिका त्रयस्थ पंच नाही, ती एक पक्षकार आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी कायदा पाहू, कारण पालिकेचे समर्थक त्याचाच आधार घेतात. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना 1965 चा अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम 195 खाली या नोटिसा निघतात. जालना शहर ऑगस्ट 2023 मध्ये महानगरपालिका झाले, त्यामुळे तिथे आता 1949 चा महानगरपालिका अधिनियम आणि त्याचे कलम 264 चालते. इमारत पाडण्यास सांगणे हा या अधिकाराचा केवळ एक भाग आहे. तिला आधार देण्यास, ती सुरक्षित करण्यास आणि दुरुस्त करण्यास फर्मावणे हाही त्याच अधिकारात मोडतो. मालक हलला नाही तर ते काम पालिकेने करावे आणि खर्च त्याच्याकडून वसूल करावा, हीही वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे. नगरविकास विभागाच्या 5 नोव्हेंबर 2015 च्या शासन निर्णयाने धोकादायक इमारतींचे चार वर्ग पाडले: सी-1 म्हणजे राहण्यास अयोग्य, तात्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-2 अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-2 ब म्हणजे रिकामी न करता दुरुस्त होणारी, आणि सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. चारपैकी तीन वर्गांत दुरुस्ती गृहीत आहे. तरीही पाहणी न करता सगळ्यांच्या दारावर ‘रिकामी करा अथवा उतरवून घ्या’ असा एकच कागद डकवला जात असेल, तर तिथे कायदा पाळला गेला असे म्हणता येणार नाही. उद्या न्यायालयात दाखवायला जावक क्रमांक तयार ठेवला, एवढेच झाले.

आता घराकडे येऊ. मराठवाड्यातले जुने घर म्हणजे बहुधा माळवदाचे, धाब्याचे घर. खाली दगडाचे जोते, वर मातीच्या किंवा दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खांब, आडव्या तुळया, त्यांवर फळ्या किंवा काटक्यांचा थर आणि त्यावर चोपून बसवलेली पांढरी माती. हे घर दुबळे नसते. शंभर वर्षे उभी राहिलेली माळवदे आजही दिसतात. पण त्याला दरसाल निगा लागते. पावसाळ्यापूर्वी वर नवी माती टाकून चोपावी लागते, पन्हाळी मोकळ्या ठेवाव्या लागतात आणि भिंतीचा पाया कोरडा राहील हे पाहावे लागते. मातीच्या भिंतीचा खरा शत्रू वरून कोसळणारा पाऊस नाही, तो खालून चढणारी ओल आहे. पायाची माती भिजली की भिंत वरचा भार पेलेनाशी होते, तिला पोट येते, तुळईचे टोक सरकते आणि माळवद खाली येते. त्यात गेल्या काही दशकांत मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करण्याची चाल पडली. बाहेरून घर पक्के दिसू लागते, पण आत शिरलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि गिलाव्याआड भिंत कुजत जाते. म्हणूनच पुष्कळ भिंती भर पावसात तग धरतात आणि पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांनी ढासळतात.

ही ओल येते कुठून? छोट्या गावांतले रस्ते कसे होतात ते पाहिले की उत्तर मिळते. जुना थर खरवडून न काढता त्यावरच नवा सिमेंटचा थर ओतला जातो. दर खेपेला रस्ता वीतभर चढतो. दोन-तीन खेपांत, एके काळी तीन पायऱ्या चढून ज्या घरात जावे लागे, त्याचा उंबरा रस्त्याच्या पातळीला येतो आणि पुढे त्याखाली जातो. ज्याच्या हाती पैसा आहे तो घर पाडून नवे जोते आणखी उंच घेतो. त्याच्याकडे मोटारसायकल असते, आता चारचाकीही असते. ती आत न्यायची तर रस्त्यापासून दारापर्यंत उतार हवा. जागा अंगणातली जायला नको, म्हणून उतार नालीवर ओतला जातो. खाली एखादा बारीक पाइप टाकला तर टाकला, नाहीतर नाली सरळ बुजवली जाते. एका गल्लीत असे दहा उतार झाले की नालीचे दहा तुकडे होतात. साफसफाई कामगाराचे फावडे आत जात नाही, गाळ साचतो, पाणी तुंबते आणि शेवटी गल्लीतल्या सगळ्यात खालच्या जागी जाऊन मुरते. ती सगळ्यात खालची जागा म्हणजे ज्याला नवे घर बांधणे जमले नाही त्याच्या मातीच्या भिंतीचा पाया. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत जालन्यासह सारा मराठवाडा भिजला, घरांची पडझड झाली. पाऊस मोठा होता हे खरेच आहे. पण तुंबलेली नाली आणि चढलेला रस्ता हे आभाळातून पडलेले नव्हते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: उतार ही क्षुल्लक गोष्ट आहे, माणसाने गाडी उचलून घरात न्यायची काय? गाडी घरात जायला हवी, यात वादच नाही. ज्यांच्या घरात चाकाच्या खुर्चीवरचे माणूस आहे त्यांना तर उतार हवाच. वाद आहे तो उताराच्या जागेचा आणि बांधणीचा. उतार स्वतःच्या हद्दीत सुरू व्हावा, नालीवर यायचाच असेल तर तिथे उचलून काढता येणारी लोखंडी जाळी किंवा सुटी फरशी असावी, आणि रस्त्याच्या अंगात त्याने एक बोटही शिरू नये, इतका साधा नियम पुरे. सळयांच्या कारखान्यांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात लोखंडी जाळी मिळणे अवघड नाही. पालिकेने एकच नमुना ठरवून दिला, नवे बांधकाम होताना नकाशावर दाराचा उतार आणि नालीची पातळी दाखवणे सक्तीचे केले, तर अर्धा प्रश्न तिथेच मिटेल. 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे घर कमी जोखमीचे धरून परवानगीची प्रक्रिया अगदी सोपी केली. लहान माणसाच्या दृष्टीने ते चांगलेच झाले. मात्र गल्लीतली बहुतेक घरे याच मापाची असतात, म्हणून नालीची पातळी पाहणारे कोणी तरी त्या सोप्या वाटेवर उभे असलेच पाहिजे. आधीच झालेल्या उतारांवर हातोडा चालवता येईल का, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालात पाडकामापूर्वी 15 दिवसांची नोटीस आणि सुनावणी बंधनकारक केली, पण सार्वजनिक रस्ता आणि पदपथ यांवरची अनधिकृत बांधकामे त्यातून स्पष्टपणे वगळली. अधिकार आहे. तरीही आधी मुदत द्यावी, नमुना दाखवावा आणि मगच फोडावे, असे मी म्हणेन. आणि त्याआधी पालिकेने स्वतःच्या चुकीपासून सुरुवात करावी: जुना थर खरवडल्याशिवाय एकाही जुन्या गल्लीत नवा सिमेंट रस्ता होऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. खासगी घराच्या दुरुस्तीला जनतेचा पैसा का घालायचा? पण तो पैसा आजही घातला जातो, फक्त घर पडल्यावर. आपत्ती निवारणाच्या 2022 नंतरच्या निकषांप्रमाणे सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घराला 1,20,000 रुपये मिळतात. किमान 15 टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये मिळतात. तलाठी येतो, पंचनामा होतो, रक्कम खात्यावर जमा होते. म्हणजे तुळई खाली आल्यावर सरकारला घर दिसते, ती सरकत असताना दिसत नाही. सरकत्या तुळईला चार टेकू द्यायला आणि पायाशेजारची नाली मोकळी करायला यापेक्षा किती तरी कमी पैसे लागतात, हे कोणताही गवंडी सांगेल. शिवाय जीर्ण इमारतींसाठी सार्वजनिक निधी ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. मुंबईतल्या जुन्या चाळींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ नेमले, त्यासाठी उपकर लावला, आणि ते काम पुढे म्हाडाकडे गेले. मुंबईच्या चाळीला मंडळ आणि अंबडच्या माळवदाला नोटीस, हा भेद कोणत्या न्यायाने? मुंबईएवढे मंडळ तालुक्याला नको. मालमत्ता करातून वेगळी काढलेली छोटी रक्कम, तिच्यातून केलेली तातडीची कामे आणि ऐपत असलेल्या मालकाकडून हप्त्याने वसुली, इतके पुरे.

भाडेकरूंचे काय, हा तिसरा मुद्दा. घरमालक म्हणतो, नाममात्र भाड्यात दुरुस्ती कशी करू. भाडेकरू म्हणतो, मालकाला घर पडायलाच हवे आहे. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. 1999 चा भाडे नियंत्रण कायदा दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतो, आणि त्याने ती टाळली तर 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूला दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू देतो. पण वर्षाला वळती करायची रक्कम वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असता कामा नये. महिना 200 रुपये भाडे असेल तर ती होते 600 रुपये. तेवढ्यात तुळई बदलत नाही. मग घर तसेच राहते, आणि पालिकेची पाडण्याची नोटीस मालकाला भाडेकरू काढण्याचे साधन वाटू लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरवून दिले की इमारत पालिकेने पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, जमिनीवर तो राहतो. हे भाडेकरूंना पालिकेने नोटिशीतच लिहून द्यावे. हक्क जाणार नाही याची खात्री पटली की माणूस जीव धोक्यात घालून पडक्या खोलीत चिकटून बसणार नाही.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. छोट्या नगरपंचायतीत अभियंता एकटा, त्याच्याकडे पाणी, रस्ते, दिवे सगळेच, हे मान्य. शिवाय संरचना तपासणीची रूढ साधने काँक्रीटसाठी आहेत, मातीच्या भिंतीवर ती निरुपयोगी ठरतात. पण म्हणूनच जुन्या घरांचे काम जाणणारे सुतार आणि गवंडी यांना मानधनावर सोबत घेऊन गल्लीवार पाहणी करावी. त्यांच्या डोळ्यांना पोट आलेली भिंत लांबून कळते. जालना शहरात तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 265 अ खाली 30 वर्षांहून जुन्या इमारतींचे स्थैर्य प्रमाणपत्र मालकाकडून घेणे बंधनकारकच आहे.

जुने तेवढे पाडून सगळीकडे आर.सी.सी. उभे करावे, असेही काही जण सुचवतात. महाडमध्ये 24 ऑगस्ट 2020 रोजी कोसळून 16 जणांचा बळी घेणारी इमारत माळवदाची नव्हती. ती काँक्रीटची होती आणि जेमतेम काही वर्षांची होती. देखरेखीविना नवेही पडते.

म्हणून जिल्ह्यातल्या नगरसेवकांना आणि मुख्याधिकाऱ्यांना एक विनंती. 31 मार्चपूर्वीच्या अर्थसंकल्पात धोकादायक घरांच्या तातडीच्या आधारासाठी स्वतंत्र तरतूद करा, घरांच्या यादीशेजारीच त्या गल्लीतल्या नाल्या आणि उतारांची यादी लावा, आणि दोन्ही याद्या पालिकेच्या फलकावर लोकांना वाचू द्या. रोहिणी नक्षत्र 25 मेच्या सुमारास लागते. टेकू त्याआधी उभे राहिले पाहिजेत.