ग्रेगरीची दिलगिरी

तूरचा बिशप ग्रेगरी (मृत्यू ५९४) आपल्या दहा खंडांच्या इतिहासग्रंथाच्या प्रारंभी स्वतःच्या ग्राम्य लॅटिनबद्दल दिलगिरी व्यक्त करतो. या दिलगिरीची विद्वानांनी जी वासलात लावली, तीत उत्तरकालीन लॅटिनच्या अभ्यासाचे जुने दुखणे दिसून येते.

एका पक्षाने तिला कबुलीजबाब मानले. विभक्तींची सरमिसळ, लिंगांचा घोटाळा, स्वरांची अदलाबदल यांची मोजदाद झाली. मॅक्स बोने यांचा १८९० चा प्रचंड ग्रंथ या मार्गावरचा मैलाचा दगड. त्यामागील परिश्रमांविषयी आदरच वाटावा. परंतु पुढे ग्रेगरी हा लेखक उरलाच नाही. फ्रेंचच्या जन्मकुंडलीतला तो एक ग्रह झाला. शिवाय मोजलेल्या चुका नेमक्या कोणाच्या? त्याची स्वहस्ताक्षरातील प्रत उपलब्ध नाही. जुन्यात जुनी हस्तलिखितेही त्याच्या मृत्यूनंतर काही पिढ्यांनी लिहिलेली. कोठे लेखनिकाने भाषा बिघडवली असेल, कोठे कॅरोलिंगियन काळातील सुविद्य नकलनविसाने ती सुधारली असेल. सिसेरोची फूटपट्टी घेऊन बसलेल्या परीक्षकाला उत्तरपत्रिका कोणाची हेच ठाऊक नाही, तरी गुण मात्र देऊन झालेले!

दुसरा पक्ष एर्न्स्ट रॉबर्ट कुर्टिउस यांच्या १९४८ च्या ग्रंथाचा आधार घेऊन सांगतो की ही तर नम्रतेची रूढ उक्ती. लेखकाने ती उच्चारायचीच असते. परंपरा खरी आहे. मात्र उक्ती रूढ आहे असे दाखविल्याने ती येथे काय साधते हा प्रश्न सुटत नाही, तो केवळ टाळला जातो.

वस्तुतः ग्रेगरीने कारण दिलेले आहे: वक्तृत्वशास्त्र्याचे बोलणे थोड्यांना कळते, ग्राम्य माणसाचे पुष्कळांना. हा श्रोतृवर्गाविषयीचा निर्णय आहे. त्याच शहरात ८१३ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने प्रवचने ‘रुस्तिक’ रोमन बोलीत किंवा जर्मानिक भाषेत उलगडून सांगावीत असा आदेश दिला. ग्रेगरीच्या काळी ज्या एकाच भाषेच्या दोन रीती होत्या, त्यांच्या दोन भाषा होऊ लागल्याची ती खूण. जे एकात होते त्याला मागाहूनच्या सीमारेषेने ‘अशुद्ध’ ठरविणे हा इतिहासदृष्टीचा अभाव होय.

या लॅटिनला काय जमत होते, हे एरिख आउअरबाख यांनी ‘मिमेसिस’मध्ये (१९४६) विचारले. सिखारियुस आणि क्राम्नेसिंदुस यांच्या वैराची कथा त्यांनी निवडली. कथनातील गोंधळाची तक्रार तेही आधी करतात, हे विसरू नये. पण तेथे थांबत नाहीत. मद्याच्या धुंदीत सिखारियुस बरळतो की तुझे आप्त मी मारले म्हणून तर भरपाईच्या पैशाने तुझे घर भरले; क्राम्नेसिंदुस दिवे विझवितो आणि त्याला ठार करतो. अभिजात इतिहासकाराने हा प्रसंग सुबक वाक्यचक्रात बसविला असता आणि त्या मेजवानीतला काळोख नाहीसा झाला असता. ग्रेगरीची वाक्ये एकामागून एक ठेचकाळत येतात, तशीच ती घटनाही.

पदव्युत्तर वर्गांत हा उतारा आजही बहुधा दोषदिग्दर्शनासाठीच नेमला जातो. ग्रंथाच्या अखेरीस ग्रेगरीने उत्तराधिकाऱ्यांना शपथ घातली आहे: हवे तर हे सारे पद्यात रचा, पण माझी पुस्तके बदलू नका, जशीच्या तशी राहू द्या.