शिकायचे काय, त्याआधी शिकायचे कधी

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि तलाठ्याच्या हातातले काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. बांधावर उभे राहायचे, अॅप उघडायचे, खाते आणि गट क्रमांक निवडायचा, पीक व त्याखालचे क्षेत्र भरायचे आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. ही नोंद सातबाऱ्यावर चढते. त्याआधी १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला, तेव्हा तालुक्याच्या पेठेतल्या दुकानदारांवर आणि त्यांच्या दिवाणजींवर अशीच वेळ आली होती. वर्षानुवर्षांची व्हॅटची सवय मोडून त्यांना एचएसएन कोड आणि इनपुट टॅक्स क्रेडिट समजून घ्यावे लागले. शाळा सुटून तीस-चाळीस वर्षे झालेल्या माणसांपुढे हा अभ्यास येऊन पडला. ज्यांना तो जमला नाही, ते शेजारच्या पोराला किंवा सेवा केंद्रवाल्याला विनवू लागले. शिक्षण संपले असे धरून चालणाऱ्याचा कारभार असा हळूहळू दुसऱ्याच्या हाती जातो. तरीही आपल्या आयुष्याच्या नियोजनात घराचे हप्ते, विमा, मुलांची फी हे सारे असते. स्वतःच्या शिकण्याचा रकाना मात्र रिकामा राहतो, नाहीतर ‘इंग्रजी सुधारणे’, ‘एआय शिकणे’ एवढ्यावरच थांबतो.

त्या रकान्यात विषयाच्या आधी वेळ लिहावी, असे माझे ठाम म्हणणे आहे. इच्छेची कमतरता आपल्याकडे नाही, जगातही नाही. हार्वर्ड आणि एमआयटी यांनी उभारलेल्या ‘एडएक्स’ या ऑनलाइन व्यासपीठावर २०१७-१८मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे अवघे ३.१३ टक्के होते, असे ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९मध्ये छापून आले. त्यातले बरेचजण नुसते डोकावायला आले होते, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. पण पैसे भरून नाव नोंदवणाऱ्यांतही निम्म्याहून कमीच शेवटापर्यंत पोचले. ब्रिटनमधला २००२चा एक प्रयोग इथे बोलका आहे. तो व्यायामाबद्दलचा आहे, पण सवयीचे गणित तेच. नुसते प्रोत्साहनपर साहित्य वाचलेल्यांपैकी ३५ टक्क्यांनीच ठरवलेला व्यायाम केला. ते वाचून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठे करणार हे लिहून दिलेल्यांपैकी ९१ टक्क्यांनी. महागडा अभ्यासक्रम विकत घेण्याआधी हा आकडा डोळ्यांखालून घालावा.

आपल्या मातीत हे शहाणपण जुने आहे. फुले दांपत्याने १८५५मध्ये कष्टकऱ्यांसाठी शाळा काढली ती रात्रीची, कारण दिवस मजुरीचा होता. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला सुरू झालेली आजीबाईंची शाळा दुपारी भरते, सकाळची घरची-शेतातली कामे आटोपल्यावर. साठी उलटलेल्या बायका पाटी-दप्तर घेऊन बसल्या, त्यामागे त्यांची जिद्द होतीच. पण शाळेने त्यांच्या दिवसातली मोकळी जागा नेमकी हेरली, याचे श्रेय दिले जात नाही.

वय झाल्यावर डोक्यात शिरत नाही, हा आक्षेप पुराव्यापुढे टिकत नाही. लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी सुमारे २५ हजार रस्ते पाठ करावे लागतात. वूलेट आणि मॅग्वायर या संशोधकांनी २०११मध्ये दाखवले, की ही परीक्षा पास झालेल्या प्रौढ उमेदवारांच्या मेंदूतला स्मरणाशी निगडित भाग वाढला होता. नापास झालेल्यांचा नव्हता. वयानुसार वेग कमी होतो, हे मान्य. म्हणून तर रोजचा अर्धा तास हवा, आणि तोही पुस्तक मिटून आठवून लिहिण्यात घालवलेला. नुसते पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहिलेले जास्त दिवस टिकते, हे प्रयोगांनी पक्के केले आहे.

दुसरा आक्षेप मात्र खरा आणि जड आहे: वेळच नाही. दोन लोकल बदलून घरी येऊन ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईला ‘पहाटे उठून शीक’ सांगणे क्रूरपणाचे आहे. तिच्या योजनेत तिच्या अर्ध्या तासासमोर त्या वेळी स्वयंपाक कोण करणार, त्याचे नाव लिहिले गेले पाहिजे. ते नसेल तर योजना कागदावरच राहील. आणि घराबाहेर ही जबाबदारी मालकांची आणि सरकारची आहे. सिंगापूरने २०१६पासून २५ वर्षे व त्यावरील नागरिकांना शिकण्यासाठी ५०० सिंगापूर डॉलरची पत दिली. नुसत्या फीने भागत नाही म्हणून २०२५पासून पूर्णवेळ अभ्यासक्रम घेणाऱ्या चाळिशीपुढच्यांना दरमहा भत्ताही सुरू केला. तेवढी ऐपत आपल्याकडच्या प्रत्येक कारखान्याची नसेल. पण पगारी वेळेतले आठवड्याला दोन तास देणे आणि अनुदानित वाचनालये कामावरून परतणाऱ्यांसाठी रात्री नऊपर्यंत उघडी ठेवणे यासाठी सिंगापूर व्हावे लागत नाही. कामगार संघटनांनी पुढच्या वेतन करारात हे दोन तास मागून घ्यावेत.