मालवणच्या समुद्रात फोटो काढायचाय? 'वॉटरप्रूफ' फोनवर विसंबण्याआधी हे वाचा

पावसाळा संपून स्कूबा आणि स्नॉर्कलिंग सुरू झालं की मालवण-तारकर्लीचे रील्स फीडमध्ये दिसू लागतात. मग कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास येतो: "माझा फोन आयपी६८ आहे, पाण्यात नेला तर चालेल ना?"

थोडक्यात उत्तर: समुद्रात नको.

आयपी६८ म्हणजे नेमकं काय?

यातला ६ हा आकडा धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. पण किती खोल आणि किती वेळ, हे कंपनी ठरवते. अ‍ॅपल अनेक आयफोनसाठी ६ मीटर, ३० मिनिटं सांगते. सॅमसंग आपल्या फ्लॅगशिप फोनसाठी १.५ मीटर सांगते, तेही गोड्या पाण्यात. समुद्रकिनारी किंवा स्विमिंग पूलमध्ये फोन वापरू नका, असं ती स्वतःच लिहिते. पाणी जाऊन फोन बिघडला, तर तो साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही. शिवाय ओली टचस्क्रीन नीट चालत नाही, ते वेगळंच.

मग कोणता कॅमेरा घ्यायचा?

इथे पर्याय कमी आहेत, कारण फोनने हा बाजारच खाल्ला. २०१० मध्ये जगभरात १० कोटींहून जास्त कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यातून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये हा आकडा २० लाखांच्याही खाली होता. निकॉनचा ३० मीटर खोलीचा कूलपिक्स डब्ल्यू३०० बंद झाला. ऑलिंपसचा 'टफ' कॅमेरा आता ओएम सिस्टिम नावाने मिळतो. २०२३ मध्ये आलेला त्याचा टीजी-७ वेगळ्या कव्हरशिवाय १५ मीटरपर्यंत चालतो. पेंटॅक्सचा डब्ल्यूजी-८ २० मीटरपर्यंत जातो.

घेताना मेगापिक्सेल मोजू नका, खोली बघा. पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्याला साधारण १२ मीटरपर्यंतच नेतात, तिथे असा कॅमेरा पुरतो. कोर्स करून १८ मीटरवर जाणार असाल, तर टीजी-७ साठी हाउसिंग, म्हणजे बाहेरचं बंदिस्त कव्हर, लागेल. दर १० मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो, त्यामुळे मर्यादेच्या काठावर कॅमेरा वापरू नका. रॉ फाइल आणि पाण्याखालचा व्हाइट बॅलन्स आहे का, तेही तपासा. सेकंड-हँड घेत असाल तर जास्त सावध राहा: रबरी सील जुनं झालं की वॉटरप्रूफपणाचा भरवसा उरत नाही.

फोटो निळे-हिरवे का येतात?

पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषतं. पाच-सहा मीटरवरच तो बराचसा गेलेला असतो. उपाय म्हणजे विषयाच्या जवळ जाणं, झूम नाही. मधलं पाणी जितकं कमी, तितका फोटो स्पष्ट. आपल्या किनाऱ्यावर पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. तिथे कॅमेऱ्यातला फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर पाण्यातले कण चमकून फोटोभर पांढरे ठिपके येतात.

खरी अडचण इथेच आहे

फोटोसाठी जवळ जायचं, पण पाण्यात स्थिर राहता येत नसेल तर हात-पाय आपोआप प्रवाळावर टेकतात. प्रवाळ म्हणजे दगड नाही, ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यात जागतिक पातळीवर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी मोठी लाट सुरू असल्याचं अमेरिकेच्या 'नोआ' या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं. तापलेल्या पाण्याने आधीच थकलेल्या प्रवाळाला आपल्या पायाचा धक्काही जड जातो.

म्हणून पहिल्या डाइव्हला कॅमेरा नेऊच नका. अनेक ठिकाणी पॅकेजमध्येच व्हिडिओ मिळतो. आधी स्थिर तरंगायला शिका, मग कॅमेरा घ्या.

पाण्यात जाण्याआधी आणि आल्यावर

- सीलवर वाळू किंवा केस अडकलेला नाही ना, बघा. एक केसही पाणी आत सोडू शकतो.
- झाकणाचं लॉक पूर्ण बसलंय ना, बोटाने तपासा.
- स्नॉर्कलिंगला तरंगणारा पट्टा लावा.
- बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच झाकण उघडा. आत राहिलेलं मीठ हळूहळू कॅमेरा खातं.

वर्षातून एकदाच समुद्रावर जाणार असाल, तर कॅमेरा विकत घेण्यापेक्षा भाड्याने घेणं परवडेल. फोन मात्र बोटीतच ठेवा.