पोरगं आळशी नाही, आधी डोळे तपासा

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागले आणि किन्हीराजासारख्या गावांतल्या वस्त्यांमध्येही शाळा मोबाइलवर आली. घरात मोबाइल एकच, तोही बाप कामावर घेऊन जाणार. मग मूल अभ्यासाला बसायचे रात्री, मंद उजेडात, तळहाताएवढ्या पडद्यासमोर. फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. शाळेकडे वळलेली पावले पुन्हा घरात अडकली.

आता शाळा भरतात, पण मोबाइल अभ्यासातून गेलेला नाही. गृहपाठ ग्रुपवर येतो, भरतीची तयारी यूट्यूबवर होते. काम सांभाळून मुक्त विद्यापीठाची पदवी घेणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. आक्षेप सोयीला नाही. तिचा भार मुलांच्या शरीरावर पडतो आणि आपण त्याला आळस म्हणतो, हे चूक आहे.

डोके दुखते, डोळे चुरचुरतात, मान आखडते, झोप लागत नाही. मागे पडल्याची लाज वाटते, मूल चिडचिड करते. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या ‘प्रज्ञाता’ सूचनांनी पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच ऑनलाइन तासिका ठरवल्या होत्या. आपल्या घरात ही मर्यादा कोण पाळतो?

“बाबासाहेब कशात शिकले, बघ,” असे आपण मुलांना सुनावतो. पण परळच्या चाळीतल्या त्या एका खोलीत रामजीबाबा भीमरावांना लवकर झोपवत आणि मध्यरात्रीनंतर अभ्यासाला उठवत. म्हणजे जागा आणि वेळ बापाने काढून दिली होती. आपण ती देतो का?

म्हणून आधी मुलाचे डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. दर २० मिनिटांनी नजर पडद्यावरून काढून २० सेकंद दूर पाहायला शिकवा. रोज उजेडात, मैदानात खेळू द्या. झोपताना मोबाइल आईबापाकडे राहू द्या. मूल गप्पगप्प राहत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

आणि संध्याकाळी दोन तास विहाराचे दार अभ्यासासाठी उघडा. चांगला दिवा, सतरंजी आणि शांतता, एवढे तरी आपल्या हातात आहे.