आठ दिवसांचा युरोप : शहर कोणतें निवडावें?

समुद्र ओलांडल्यास प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं, या प्रश्नावर आपल्या समाजांत एके काळीं मोठीं रणें माजलीं. 1883 सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस व पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्या, त्या वेळीं नुसत्या जलप्रवासासच कित्येक आठवडे लागत. आज अंधेरीच्या उंबरठ्यावरील विमानतळावरून निघालेलें विमान नऊ-दहा तासांत पॅरिस किंवा फ्रँकफर्ट गांठतें, आणि बोरिवली-मुलुंडकडील मध्यम स्थितींतील कुटुंबेंहि आठवड्याच्या रजेंत युरोप पाहून येण्याचा बेत करूं लागलीं आहेत. शास्त्रार्थाचा वाद मिटला, परंतु “जावें कोठें?” हा वाद मात्र घरोघर सुरू झाला आहे.

नातवास फुटबॉलचें मैदान हवें असतें, सूनबाईंस चित्रशाळा, आजीबाईंस बर्फ. आणि घरांतील कर्त्या पुरुषास, एवढा पैसा खर्चावयाचा तर सर्वच पाहून घ्यावें, असें वाटतें. मग “आठ दिवसांत पांच देश” अशा एखाद्या पत्रकावर सर्वांचें एकमत होतें. हें एकमत कितपत हिताचें, याचा साधा हिशेब करून पाहूं.

आठवड्याची रजा व तिच्या दोहों बाजूंचे शनिवार-रविवार धरले, तर हातीं नऊ दिवस येतात. त्यांतील दोन जाण्यायेण्यांत खर्ची पडतात. एका शहरांतून दुसऱ्यांत जावयाचें म्हणजे सामान बांधणें, स्टेशन गांठणें, नवें बिऱ्हाड शोधणें, यांत अर्धा दिवस सहज जातो. शहरें पांच असल्यास असे चार स्थलांतराचे प्रसंग, म्हणजे आणखी दोन दिवस गेले. उरलेल्या पांच दिवसांत प्रत्येक शहराच्या वांट्यास एकच दिवस येतो. तेंच दोन शहरें घेतलीं तर साडेसहा दिवस पुरते पदरीं पडतात. म्हणून आमचा आग्रह असा, कीं शहरें दोनच घ्यावीं, आणि तीं आगगाडीनें जवळ असावीं. रोमहून फ्लॉरेन्सला जलद गाडीनें सुमारें दीड तास लागतो. बोरिवलीकरास चर्चगेटास जाऊन परत येण्यास जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. व्हिएन्नाहून बुडापेस्टास तीन तासांच्या आंत पोहोंचतां येतें. पॅरिसहून ॲम्स्टरडॅमचें अंतरहि पुण्याच्या प्रवासाएवढेंच वेळखाऊ आहे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. मुलांच्या शाळांस मे महिन्यांत सुटी असते, तेव्हां व्हिएन्ना, प्राग, पॅरिस येथें हवा सुखद असून पॅरिसला तर रात्रीं नऊपर्यंत उजेड असतो. दिवाळीची सुटी मात्र वेगळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीं तिकडील घड्याळें एक तास मागें घेतात आणि मध्य युरोपांत सायंकाळीं साडेचार-पांचलाच अंधार पडतो. त्या दिवसांत रोम, लिस्बन, बार्सिलोना अशीं दक्षिणेकडील शहरें निवडावीं.

तिसरा प्रश्न पायांचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. एकत्र कुटुंबाचा प्रवास हा त्यांतील सर्वांत दुबळ्या गुडघ्यांच्या वेगानेंच होतो. व्हेनिस सुंदर खरें, पण तेथें मोटारी नाहींत आणि शेंकडों पुलांच्या पायऱ्या आहेत. सामान घेऊन त्या चढणें सत्तरीच्या माणसास जड जातें. लिस्बन टेकड्यांवर वसलें आहे. उलट व्हिएन्नाचा जुना कोट पाडून 1865 सालीं खुला केलेला रिंगरस्ता रुंद व सपाट असून ट्रामगाडींत बसल्या बसल्या अर्धें शहर दृष्टीस पडतें. बुडापेस्टास 1896 पासून भुयारी रेल्वे आहे; आपली घाटकोपर-अंधेरीची मेट्रो 2014 सालीं सुरू झाली. तेथेंच 1913 सालीं बांधलेलें सेचेनी येथील उन्हाळ्याच्या पाण्याचें स्नानगृह आहे. वज्रेश्वरीच्या कुंडांची सवय असलेल्या वडील मंडळींस तेथें परकेपणा वाटूं नये!

परवान्याची तजवीजहि शहर निवडतांनाच करावी. शेंगेन करारांत आज 29 देश असून एका परवान्यावर त्या सर्वांत फिरतां येतें. अर्ज मात्र जेथें मुक्काम अधिक त्या देशाकडे करावयाचा. मुक्काम समान असल्यास प्रथम जेथें उतरावयाचें त्याच्याकडे. अर्ज सहा महिन्यांहून आधीं करतां येत नाहीं. मोठ्या माणसास शुल्क 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांस 45, त्याहून लहानांस कांहीं नाहीं. किमान 30,000 युरोंचा आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. वृद्धांच्या जुन्या दुखण्यांस तो लागू पडतो कीं नाहीं, हें कागद नीट वाचून पाहावें. लंडन या करारांत येत नाहीं. तेथील परवाना निराळा काढावा लागतो.

आतां शिधा. युरोपीय संघाच्या देशांत बाहेरून दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. म्हणून पेढे व तूप घरींच ठेवावें. हापूसच्या पेटीसहि रोगमुक्ततेच्या दाखल्यावांचून प्रवेश नाहीं. केळीं व नारळ यांस मात्र तो लागत नाहीं. शाकाहारी मंडळींची सोय इटलींत चांगली होते, तरी तेथील पार्मेझान चीज वासराच्या जठरांतील द्रव्यानें विरजलेलें असतें, हें ज्यांस वर्ज्य असेल त्यांनीं ध्यानांत ठेवावें. स्वयंपाकाची सोय असलेलें बिऱ्हाड स्वस्त पडतें. परंतु तेथेंहि तीन वेळां कुकर लावण्याचें काम घरच्याच स्त्रीकडे येणार असेल, तर तिला सुटी मिळाली असें कसें म्हणावें? निदान एका वेळचें जेवण बाहेर घ्यावें, आणि दुसऱ्या वेळीं पुरुषांनीं भात टाकावा.

शेवटीं एक गोष्ट. तीन पिढ्यांचें घर कुलूप लावून एकदम बाहेर पडतें, असें क्वचित् घडतें. अंथरुणास खिळलेल्या आजोबांजवळ कोणी तरी मागें राहतेंच. आणि बहुतेक घरांत तें माणूस प्रत्येक खेपेस एकच असतें. तें न बोलतां राहतें, म्हणून त्यास जावेंसें वाटत नाहीं असा सोयीचा समज इतरांनीं करून घेऊं नये. शहराची निवड करण्यापूर्वीं मागें कोण राहणार याचा विचार मोकळेपणानें व्हावा. ज्यानें मागच्या खेपेस घर सांभाळलें असेल, त्याचें नांव या खेपेच्या यादींत प्रथम असावें, आणि शहर निवडण्याचा पहिला अधिकारहि त्याचाच असावा.