आधी ठिपके मांडा

मेलखाली सहीसारखं आपल्या नावाचं एक छोटंसं हलतं चित्र असावं, असं तुम्हाला वाटतंय ना? मग जरूर शिका. चेन्नईत राहता, तर पहिला धडा फुकट आहे.

मार्गळीत, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून महिनाभर, पहाटे मैलापूरच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारा. दारात कोलम, म्हणजे तिथली रांगोळी, काढणाऱ्या बाईचा हात बघा. आधी ठिपके. मग ठिपक्यांना वळसे घालत रेष फिरते आणि निघाली तिथंच परत येते. हलतं चित्र असंच पायरीपायरीनं होतं. तांबरमच्या मद्रास ख्रिश्चन कॉलेजातले गिफ्ट सिरोमनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर १९७४ मध्ये कोलम आणि संगणकाची चित्रभाषा यांची सांगड घालणारा शोधनिबंधच लिहिला. तुम्हाला तेवढं गणित लागणार नाही.

कॉम्प्युटर नंतर उघडा. आधी चौकटीची वही घ्या. नऊ ठिपके मांडा आणि दहा चौकटींत रेष थोडी थोडी वाढवत न्या. इथं कंटाळा आला, तर पडद्यावरही येईल. म्हणून चित्र सोपंच निवडा.

मग ‘गिम्प’ नावाचा प्रोग्रॅम घ्या. तो फुकट आहे, पण त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. कुणी पेनड्राइव्हवर महागडा प्रोग्रॅम ‘क्रॅक’ करून देऊ केला, तर नको म्हणा. त्यातून व्हायरस येऊ शकतो, आणि त्याच मशीनवर तुमचे बँकेचे व्यवहार असतात. हे शिकवणाऱ्या एखाद्या क्लासची फीसुद्धा आत्ताच भरू नका.

गिम्पमध्ये प्रत्येक चित्र एकेका लेयरवर काढा. जिफ, म्हणजे हलत्या चित्राची फाइल, म्हणून साठवताना ‘अ‍ॅज अ‍ॅनिमेशन’ या चौकटीत खूण करा. ही खूण राहिली की चित्र हलत नाही, आणि नवशिक्या माणूस तासभर आपलं काय चुकलं ते शोधत बसतो.

आता एक गोष्ट नीट ऐका. काही मेल प्रोग्रॅममध्ये जिफ हलतच नाही, फक्त पहिलं चित्र दिसतं. तुमचं पहिलं चित्र नुसत्या ठिपक्यांचं असेल, तर समोरच्याला नऊ ठिपके दिसतील आणि नाव गायब. म्हणून पूर्ण झालेला कोलम, नावासकट, सगळ्यात आधी ठेवा. तो तीन सेकंद थांबू द्या. त्यानंतर ठिपके, मग वाढती रेष. फेरी संपली की पूर्ण चित्र आपोआप परत येतं. मधल्या चित्रांना सेकंदाचा सातवा-आठवा भाग पुरे.

रंग मोजके घ्या. जिफमधल्या एका चित्राला जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. म्हणून फोटो त्यात डागाळतात, सपाट रंग छान उठतात. कोलमला तर पांढरा आणि कावेचा लाल एवढेच बस झाले.

नाव देवनागरीत लिहिणार असाल, तर उंची जास्त ठेवा. वेलांटी वर, उकार खाली, मध्ये जोडाक्षर. बारीक अक्षरात ‘श्री’चा नुसता गोळा होतो.

लखलखाट मात्र नको. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश झपाझप चमकला आणि सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावं लागलं. सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा काही चमकू देऊ नका.

चेन्नईत राहून रजनीकांतचा गॉगल फिरवावासा वाटणारच. माणूस मूळचा शिवाजीराव गायकवाड, म्हणजे आपल्यातलाच! तरी त्याचा फोटो घेऊ नका. त्याचं नाव, छबी आणि लकब परवानगीशिवाय वापरण्यावरून एका सिनेमाला मद्रास उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये मनाई केली होती. तुमची सही कुणी कोर्टात नेणार नाही, पण ती तुमची सही आहे. तिथं दुसऱ्याचा चेहरा कशाला? घरचा पत्ता आणि मुलांचे फोटोही त्यात घालू नका. मेल पुढे कुणाकुणाकडे जाते, ते आपल्या हातात नसतं.

झालं की आठवडाभर फक्त घरच्यांना पाठवा. आईच्या जुन्या फोनवर उघडून बघा, ऑफिसच्या मेलमध्ये बघा. मजकूर वाचताना नजर सारखी खाली ओढली जात असेल, तर पूर्ण चित्र तीनऐवजी सहा सेकंद थांबवा.