भीतीचा बाजार आणि त्याचे बिनपगारी हमाल

रक्तबंबाळ भयपटांविषयी पुरोगामी वर्तुळांत सहसा दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. 'अमेरिकी विकृती' असे म्हणून नाक मुरडायचे आणि विषय संपवायचा, ही एक. सरकारने अशा चित्रपटांवर बंदी घालावी असा ठराव करून मोकळे व्हायचे, ही दुसरी. दोन्ही सोयीच्या आहेत आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिलीत विचार नाही. दुसरीत, करणाऱ्याच्या नकळत, त्याच चित्रपटाची फुकट जाहिरात आहे.

ताजे उदाहरण घेऊ. 'टेरिफायर ३' हा अमेरिकी चित्रपट ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. एक शब्दही न बोलता माणसांची चिरफाड करणारा आर्ट नावाचा विदूषक हा या मालिकेचा 'नायक'. या खेपेस त्याला सांताक्लॉजचा वेष चढविण्यात आला होता. निर्मितीचा खर्च सुमारे २० लाख डॉलर आणि जगभरची तिकीटविक्री सुमारे ९ कोटी डॉलर. सुमारे शंभरपट खर्चाच्या नव्या 'जोकर' चित्रपटाला त्याने पहिल्याच आठवडाअखेरीस अग्रस्थानावरून खाली खेचले. यामागे कोट्यवधींची जाहिरातमोहीम नव्हती. २०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागाच्या वेळी प्रेक्षकांना भोवळ आल्याच्या, ओकाऱ्या झाल्याच्या बातम्या पसरल्या होत्या. तिसऱ्याची वाट पाहायला लावण्याचे काम त्या बातम्यांनीच केले. फ्रान्सने १८ वर्षांखालील प्रेक्षकांना मनाई केली, तर तीही बातमी झाली. ज्या मजकुराने माणसाने दूर पळावे, त्याच मजकुराने तिकिटे खपली.

ही युक्ती नवी नाही. १९५८ मध्ये विल्यम कॅसल या अमेरिकी निर्मात्याने 'मकाब्र' या चित्रपटासाठी लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरविला. चित्रपट पाहताना भीतीने मृत्यू आल्यास प्रेक्षकाच्या वारसास १,००० डॉलर, अशी ती योजना! प्रेक्षागृहाच्या दाराशी परिचारिका उभ्या केल्या, बाहेर शववाहिका लावल्या. पुढे अर्ध्या शतकाने मुंबईत हाच प्रयोग झाला. २००८ मध्ये 'फूंक' या हिंदी चित्रपटाच्या वेळी, तो चित्रपटगृहात एकट्याने बसून पाहणाऱ्यास ५ लाख रुपयांचे बक्षीस राम गोपाल वर्मा यांनी जाहीर केले. दोन्हीकडे विकला गेला तो चित्रपट नव्हे. विकली गेली ती चित्रपटाविषयीची धास्ती.

योगायोग असा की १९५८ हेच जॉन केनेथ गॅलब्रेथ यांच्या 'द अफ्लुअंट सोसायटी' या ग्रंथाचे प्रकाशनवर्ष. संपन्न भांडवलशाहीत उत्पादन हे गरज भागविण्यापुरते उरत नाही. तेच जाहिरातीच्या द्वारे गरज निर्माणही करते, हा त्या ग्रंथातील गाभ्याचा मुद्दा. भाकरीची भूक जाहिरातीवाचून लागते. मुंडके उडताना पाहण्याची भूक मात्र कोणीतरी लावावी लागते, आणि एकदा लावली की पुढच्या खेपेस मात्रा वाढवावी लागते. दुसऱ्या भागात जे दाखविले त्याहून अधिक तिसऱ्यात दाखविले नाही, तर गिऱ्हाईक परत कशाला येईल? तिसऱ्याच्या यशानंतर चौथ्या भागाची घोषणा झाली, ती याच हिशेबाने.

कॅनडाचे डॅलस स्मिथ यांनी १९७७ मध्ये याच्या पुढचे पाऊल टाकले. जाहिरातीवर चालणाऱ्या माध्यमांत खरा विक्रीचा माल म्हणजे स्वतः प्रेक्षक, आणि तो माल फावल्या वेळेत बिनपगारी राबत असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आज त्याचा प्रत्यय पदोपदी येतो. काही सेकंदांची झलक प्रसिद्ध होते. हजारो तरुण ती एकमेकांना पाठवितात, ती पाहताना आपला चेहरा कसा झाला हे चित्रित करून जगाला दाखवितात. जाहिरातदाराला एक छदामही न देता हमाली करून मिळते. आणि या हमालांच्या रांगेत सर्वांत पुढे असतो तो संतापलेला नीतिरक्षक.

याचा धडा ब्रिटनने दिलेला आहे. १९८३ मध्ये तेथील सरकारी अभियोक्त्यांच्या कार्यालयाने खटल्यास पात्र अशा भयपटांच्या चित्रफितींची यादी प्रसिद्ध केली. शौकिनांनी तीच यादी खरेदीची यादी म्हणून वापरली! एरवी कधीच विस्मरणात गेले असते असे कितीतरी सामान्य चित्रपट त्या यादीमुळे अजरामर झाले. १९८४ मध्ये संसदेने चित्रफितींवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. बालकांना पडद्यावरच्या रक्तापासून वाचविण्यास निघालेले ते थॅचर सरकार त्याच उन्हाळ्यात ऑरग्रीव्ह येथे संपकरी खाणकामगारांसमोर घोडेस्वार पोलीस उभे करीत होते. खोट्या रक्ताविषयी हळवे आणि खऱ्या रक्ताविषयी निबर, असे ते राजकारण होते. बंदीची मागणी करताना आपण कोणाच्या पंगतीला बसतो आहोत, हे पाहावयास नको काय?

त्या काळात ब्रिटनमध्ये नाकारला गेलेला आणि १९९९ मध्येच प्रमाणपत्र मिळालेला 'द टेक्सास चेन सॉ मॅसेकर' (१९७४) हा चित्रपट मुद्दाम विचारात घेण्यासारखा आहे. त्यातील खुनी कुटुंब हे कत्तलखान्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेले आहे. नवे यंत्र आले आणि हातोड्याने जनावर मारणाऱ्यांचे काम गेले, हे चित्रपटात स्पष्ट सांगितले जाते. म्हणजे भयपटालाही काही म्हणावयाचे असू शकते. परंतु तो बनविणाऱ्यांचे काय झाले? १९७३ च्या टेक्सासच्या उन्हाळ्यात, सडक्या मांसाच्या दुर्गंधीत, नट व तंत्रज्ञ तासन्‌तास राबले. मजुरी तुटपुंजी, उरलेल्या मोबदल्यापोटी नफ्यातील हिस्सा देण्याचे वचन. दीड लाख डॉलरांहून कमी खर्चाच्या या चित्रपटाने ३ कोटी डॉलरांच्या घरात विक्री केली. हिस्से मात्र कागदावरच विरघळले. ते ज्या कंपनीचे होते तिच्याकडे चित्रपटाची जेमतेम अर्धी मालकी होती. वितरकाच्या हिशेबावरून प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि कामगारांच्या हाती किरकोळ रक्कम पडली.

अर्धे शतक लोटले, पण प्रश्न तोच राहिला. 'टेरिफायर'च्या पहिल्या भागातील एका अभिनेत्रीने २०२५ मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला. अल्प रोजंदारीच्या बदल्यात ठरलेला नफ्यातील एक टक्का वाटा आपल्याला दिला गेला नाही, आणि लेखी संमतीवाचून आपले विवस्त्र चित्रण झाले, असे तिचे आरोप आहेत. निर्मात्यांनी ते नाकारले. निवाडा न्यायालयाने करावा. पण त्या विदूषकाच्या करवतीची चर्चा ज्यांनी महिनोन्‌महिने केली, त्यांपैकी कितीजणांनी या दाव्याची दखल घेतली?

कोणी म्हणेल, प्रेक्षक स्वखुशीने जातो, तुम्ही कोण त्याच्या आवडीला नावे ठेवणारे? आक्षेप रास्त आहे. वेताळ, हडळ, मुंजा यांच्या गोष्टी ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. भीतीत रस असणे हा गुन्हा नव्हे. परंतु लोककथेतील भुताला कारण असते. कोणावर अन्याय झालेला असतो, कोणाची इच्छा अपुरी राहिलेली असते. या विदूषकाच्या क्रौर्याला कारण नाही, म्हणून उपायही नाही. कारण नसलेली भीती बाजाराला फार मानवते; ती कोणाला जाब विचारीत नाही. उलट शिकागोच्या कत्तलखान्यातील कामगारांच्या यातना मांडणारी अप्टन सिंक्लेअर यांची 'द जंगल' ही कादंबरी १९०५ मध्ये एका समाजवादी साप्ताहिकातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातही अंगावर काटा आणणारे रक्त आहे. पण त्या रक्ताला मालक आहे, मजुरी आहे, कामाचे तास आहेत. वाचकवर्ग कामगारापेक्षा आपल्या ताटातील मांसाच्या चिंतेनेच अधिक हलला आणि १९०६ मध्ये कायदे झाले ते अन्नशुद्धीचे, हे सिंक्लेअर यांचे शल्य होते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावे काय? बंदीचे ठराव आणू नयेत. अजाण मुलांना प्रवेश नसावा, एवढा नियम पुरेसा आहे आणि त्याची अंमलबजावणी चित्रपटगृहाच्या मालकाकडून करून घ्यावी. चित्रपटांवर चर्चा जरूर घडवावी, पण 'किती भयंकर' याऐवजी 'कोणी बनविले, कोणत्या मजुरीवर, नफा कोठे गेला' हे प्रश्न तेथे विचारावेत. 'फूंक' ऑगस्ट २००८ मध्ये लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईच्या चित्रसृष्टीतील कामगार व तंत्रज्ञ थकलेली मजुरी आणि कामाचे तास या प्रश्नांवर संपावर गेले होते. पाच लाखांचे बक्षीस अनेकांच्या स्मरणात आहे. तो संप किती जणांना आठवतो? आपल्या साप्ताहिकाने आणि आपल्या कार्यकर्त्यांनी आठवण ठेवावयाची ती त्या संपाची.